थिएटरमधलं गाणं आणि आठ वाजताचं गाणं

बँकॉकच्या थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर राजाची छबी येते आणि संथ, भारदस्त चाल वाजते. महाराष्ट्रात सिनेमाआधी ‘जन गण मन’ला उभं राहायची सवय असलेला आपला माणूस तिथेही उठतो आणि घरी येऊन सांगतो, ‘त्यांचंही राष्ट्रगीत लावतात.’ उठला ते बरंच केलं, पण ते राष्ट्रगीत नव्हे. ते राजगीत, ‘सन्सन फ्रा बारमी’. राष्ट्रगीत म्हणजे ‘फ्लेंग चात’. ते रोज सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता वाजतं, तेव्हा स्टेशनवर, बागेत, शाळेच्या मैदानात माणसं जागीच थांबतात. चाल ठसकेबाज, कवायतीच्या बँडला शोभेल अशी. दोन्हींचा शेवट ‘चायो’ या जयघोषाने होतो, त्यामुळे गोंधळात भरच पडते.

राजगीत थोरलं. त्याआधी सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, दरबारात ब्रिटिश कवायत-शिक्षकांनी आणलेली ‘गॉड सेव्ह द क्वीन’चीच चाल वाजायची! १८८८ मध्ये प्योत्र श्चुरोव्स्की या रशियन संगीतकाराची चाल आली, शब्द राजपुत्र नरिस यांचे. राजा वजिरावुधने १९१३ मध्ये त्यात फेरफार केले. गाण्यात देश जवळपास नाहीच. मन आणि मस्तक राजापुढे नमवणारा सेवक आहे. १९३२ पर्यंत हेच राष्ट्रगीत म्हणून चाललं.

२४ जून १९३२ ला ‘खाना रात्सदोन’ या गटाने उठाव करून राजाची अनिर्बंध सत्ता संपवली. नव्या राजवटीला नवं गाणं हवं होतं, तेही फ्रान्सच्या राष्ट्रगीताच्या धर्तीवर. चाल बांधली फ्रा चेनदुरियांग यांनी. मूळ नाव पीटर फाइट, जर्मन वंशाच्या वडिलांचा मुलगा. ट्राममधून कामावर जाताना चाल सुचली, असं सांगतात. म्हणजे एका गाण्याला रशियन हात, दुसऱ्याला अर्धा जर्मन. थाय अस्मितेच्या गप्पा मारणाऱ्यांना हे फारसं आठवत नाही.

शब्द मात्र बदलत गेले. १९३९ मध्ये पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारने देशाचं नाव ‘सयाम’वरून ‘थायलंड’ केलं. जुन्या शब्दांत सयामच होता, म्हणून स्पर्धा घेतली आणि लष्कराच्या वतीने आलेलं लुआंग सारानुप्रफान यांचं गीत निवडलं. तेच आज गातात. थाय रक्ताची एकजूट, शांततेची आवड, पण लढायची वेळ आली तर माघार नाही. आणि राजाचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

मला यातली गंमत पुढे दिसते. १९३२ च्या खुणा एकेक करून पुसल्या गेल्या. २४ जून हा राष्ट्रीय दिन होता, तो १९६० मध्ये राजाच्या वाढदिवसावर, ५ डिसेंबरला नेला. राजवाड्यासमोरच्या चौकात उठावाची आठवण म्हणून बसवलेली पितळी पाटी एप्रिल २०१७ मध्ये गायब झाली. पण त्याच उठावातून जन्मलेली चाल दिवसातून दोनदा सरकारच वाजवतं. लष्करशहासुद्धा तिला सलाम ठोकतात.

२०२० च्या लोकशाहीवादी आंदोलनातल्या विद्यार्थ्यांच्या वागण्यात दोन गाण्यांमधला हा फरक उघड दिसला. शाळेत राष्ट्रगीत सुरू असताना ते ताठ उभे राहून निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करत, पांढऱ्या फिती बांधत. थिएटरात राजगीत लागलं की काहीजण बसून राहत. पहिल्यात निषेधासाठी गाण्यात सामील व्हायचं, दुसऱ्यात सामीलच व्हायचं नाही. दुसरं जास्त जोखमीचं, कारण राजाच्या अवमानाचं कलम ११२ लागलं तर प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं तुरुंगवास. पर्यटक म्हणून गेलात तर दोन्ही वेळा सरळ उभे राहा.