हिरव्या बोर्डातले सोने

बंद पडलेल्या जुन्या मोबाइलचे मागचे झाकण उघडून बॅटरी बाजूला केली, की सिमकार्डाच्या खोबणीत काही बारीक पिवळ्या पट्ट्या दिसतात. त्यांच्यावर खऱ्या सोन्याचा मुलामा असतो. सोने गंजत नाही आणि ते विजेचे उत्तम वाहक आहे, त्यामुळे जिथे दोन भागांनी एकमेकांना नुसते टेकून वर्षानुवर्षे काम करायचे असते, तिथे त्याला सहजासहजी पर्याय सापडत नाही. एका मोबाइलमध्ये ते ग्रॅमच्या काही शतांशच असते. पण बॅटऱ्या वगळून एक टन मोबाइल गोळा केले तर त्यांतून सुमारे ३०० ग्रॅम सोने निघू शकते, आणि खाणीतल्या एक टन खनिजात बहुतेक ठिकाणी ५ ग्रॅमही मिळत नाही. टोकियो ऑलिंपिकची पदके जपानने लोकांकडून जमवलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंची घडवली. त्या उपकरणांतून सुमारे ३२ किलो सोने हाती आले होते.

तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात जो ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन त्यावर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातल्या बऱ्याचशा मालाची वाट दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांतून जाते. तिथे टीव्ही, संगणक, मोबाइल हातोडी-पक्कड घेऊन सुटे केले जातात, आणि या कामातले कसब खरोखर वाखाणण्याजोगे आहे, कारण यंत्राने चुरा केल्यावर जे धातू एकमेकांत मिसळून जातात, ते अनुभवी हात स्वच्छ वेगळे काढतात. धोका पुढच्या पायरीला सुरू होतो. तांब्याच्या वायरी सोलत बसण्याऐवजी त्यांचा ढीग पेटवला जातो. वायरींवरच्या पीव्हीसीमध्ये क्लोरिन असतो, आणि धुमसत्या आगीत तांबेच उत्प्रेरक बनून डायॉक्सिन तयार व्हायला मदत करते. हे विष शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षे साठून राहते. सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून चिप उचकटतात, तेव्हा जुन्या सोल्डरमधले शिसे धूर आणि धूळ यांवाटे कामगाराच्या, आणि तिथेच खेळणाऱ्या त्याच्या मुलाच्या अंगात जाते. वाढत्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा चालते, असे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही. शेवटी बोर्ड नायट्रिक आम्लात किंवा अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, बुडवतात, टबातून तांबूस वाफ उठते, सोने काढून घेतले जाते आणि तांबे, शिसे, निकेल विरघळलेले आम्ल गटारात ओतले जाते.

एवढा जीव धोक्यात घालून मिळते तरी किती? बंगळूरमध्ये झालेल्या एका अभ्यासात अशा पद्धतीने बोर्डातले फक्त पाव हिस्सा सोने हाती लागत असल्याचे दिसले. आधुनिक धातुभट्टीत हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. बेल्जियममधल्या होबोकेनच्या भट्टीसारख्या ठिकाणी बोर्डांचे तुकडे १,००० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला वितळवले जातात. बोर्डातले प्लास्टिक तिथे इंधनाचे काम करते आणि वितळलेले तांबे सोने, चांदी, पॅलेडियम स्वतःत ओढून घेते. पुढे विद्युत अपघटनाने तांबे शुद्ध केले, की हे मौल्यवान धातू तळाच्या गाळात उरतात. भट्टीतला धूर पुन्हा जाळून लगेच थंड केला जातो, कारण तो सावकाश निवला तर सुमारे ४५० ते २०० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन पुन्हा जुळून येते. खर्च होतो तो मुख्यतः अशा काळजीवर.

भंगारवाला जुन्या लॅपटॉपला अनेकदा अधिकृत केंद्रापेक्षा चांगला भाव देतो, यामागचे गणितही इथेच दडलेले आहे, असे मला वाटते. आम्ल निर्धोक करण्याचा आणि धूर गाळण्याचा खर्च त्या साखळीत कोणीच करत नाही. तो कोणाच्या तरी फुप्फुसावर आणि नाल्यावर पडतो. म्हणून भंगारवाल्यांना हुसकावून लावावे असे मुळीच नाही. गोळा करणे आणि सुटे करणे त्यांच्याकडेच राहावे, त्याचा योग्य मोबदला त्यांना मिळावा, आणि बोर्ड मात्र अखंड अवस्थेत नोंदणीकृत प्रकल्पाकडे जावेत, हीच वाट मला सर्वांत व्यवहार्य दिसते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी विक्रीनंतरच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली असून त्यांच्या कक्षेत १०६ प्रकारची उपकरणे येतात. नोंदणीकृत प्रकल्पांची माहिती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. उपकरण देण्याआधी त्यातली माहिती पुसावी, पण ते स्वतः फोडू नये.

लिथियम बॅटरीच्या बाबतीत तर हे विशेष पाळावे. तिच्यातले दोन ध्रुव कागदाहूनही पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाऊन तो पडदा फाटला, की ठिणगीची वाट न पाहता ती आतूनच पेटते. फुगलेली बॅटरी टोचू नये आणि चार्जही करू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवावी, डबा घट्ट बंद न करता घराबाहेर, उन्हापासून दूर असू द्यावा, आणि जमेल तितक्या लवकर संकलन केंद्रावर द्यावा.