मधुमेही मांजराच्या तोंडाचा वास: हिरड्यांचा की किटोनचा?

इन्सुलिन चालू असलेल्या मांजराच्या तोंडाला वास येऊ लागला, जेवण कमी झालं, लाळ गळू लागली, की घरची मंडळी सहसा दोनपैकी एक काहीतरी ठरवून मोकळी होतात. ‘दात किडले असतील, पुढच्या आठवड्यात दाखवू’ किंवा ‘शुगर वाढलीय, डोस थोडा वाढवू’. दोन्ही घाई अंगाशी येऊ शकते. हिरड्या बहुतेक वेळा चार दिवस थांबतात; किटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन अपुरं पडून रक्तात किटोन नावाची आम्लं साचणं, एक रात्रही थांबत नाही.

हिरड्यांच्या आजारात दातांवर साचलेल्या थरातले जिवाणू गंधकयुक्त वायू सोडतात, म्हणून वास कुजका असतो. किटोनचा वास गोडसर, उग्र, नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा. इन्सुलिन अपुरं पडलं की पेशींना रक्तातली साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळतं, यकृतात किटोन तयार होतात आणि त्यातला ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडतो. पण नाकावर विसंबू नका. ॲसिटोनचा वास प्रत्येकाला येतोच असं नाही, आणि हिरड्यांच्या दुर्गंधीत तो सहज झाकला जातो.

वासापेक्षा बशीपाशी काय चाललंय ते नीट बघा. हिरड्या दुखणाऱ्या मांजराला भूक असते. ते धावत येतं, हुंगतं, दाणा तोंडात घेतं, मान तिरकी करून एकाच बाजूने चावतं, मग दाणा टाकून देतं. कधी चावता चावता फिस्कारून मागे सरतं, पंजाने तोंड खाजवतं. ओठ हलकेच वर केला तर दाताच्या मुळाशी लालभडक रेघ दिसते. तेच खाणं मऊ करून दिलं तर पुष्कळदा चाटूनपुसून खातं. किटोन वाढलेल्या मांजराला मात्र खायचंच नसतं. आवडती मासळी पुढे ठेवली तरी तोंड फिरवतं. उलट्या, मलूलपणा, कोपऱ्यात पडून राहणं, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसणं, भरभर श्वास: यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. तिथे सलाइन, क्षारांची भरपाई आणि देखरेखीखाली इन्सुलिन लागतं. घरी डोस वाढवून हे सावरत नाही.

म्हणूनच मधुमेही मांजराच्या घरी लघवीतले किटोन तपासायच्या पट्ट्या असायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. माणसांसाठीच्या चालतात. ट्रेमध्ये नेहमीच्या वाळूऐवजी पाणी न शोषणारे खडे घाला, लघवीत पट्टी बुडवा, डबीवर दिलेल्या वेळीच रंग वाचा. गडद रंग आला की लगेच डॉक्टरांना फोन. पण रंग बदलला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. पट्टी ॲसिटोॲसिटेट हा किटोनचा एक प्रकार ओळखते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा प्रकार तिला कळत नाही, तो रक्तात मोजावा लागतो. परदेशात काही मांजरांना इन्सुलिनऐवजी तोंडावाटे बेक्साग्लिफ्लोझिन देतात (अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता). त्यांच्यात साखर जवळपास नॉर्मल असतानाही किटोॲसिडोसिस होऊ शकतो, तेव्हा ग्लुकोमीटरचा आकडा पाहून स्वस्थ बसू नये.

अडचण अशी, की दोन्ही एकाच मांजरात एकाच वेळी असू शकतात. हिरड्यांमधला जंतुसंसर्ग आणि सूज यामुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, साखर चढते. चढलेली साखर संसर्गाला पोसते. त्यात दुखण्याने खाणं तुटलं की किटोनला वाट मोकळी. त्यामुळे आधी किटोन तपासायचे हे खरं, पण ते नाहीत म्हणून दात लांबणीवर टाकणं चूक.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच सांगते. लवंगेचं तेल मांजराला विषारी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर मांजराला मधुमेह आहे हे आठवणीने सांगा. स्टेरॉइडने साखर उसळते.

खरा उपाय म्हणजे भूल देऊन हिरडीखालपर्यंत सफाई, दातांचा एक्स-रे आणि गेलेले दात काढणं. जाग्या मांजराचे वरवर दात खरवडून काही साधत नाही. त्या सकाळी उपास किती, इन्सुलिन अर्धं की किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. मांजर जेवलं नाही म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका, पूर्ण डोसही देऊ नका. फोन करून विचारा.

दात काढल्यानंतरचे काही आठवडे साखर जास्त वेळा तपासा. संसर्ग गेला की इन्सुलिनची गरज उतरू शकते आणि कालपर्यंतचा डोस आज जास्त होतो. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, भांबावलं, तर हिरडीला ग्लुकोजचं पाणी किंवा मध चोळा आणि दवाखान्यात न्या. झटके येत असतील तर मात्र तोंडात बोट घालू नका, उचला आणि निघा.