स्नायूंमधील रक्ताची वाटणी

धावताना छाती धडधडू लागते आणि या धडधडीमुळेच पायांच्या स्नायूंना जादा रक्त मिळते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते आणि त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा स्नायूंकडे जातो. अतिशय जोरदार व्यायामात हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. हृदय एकूण प्रवाह वाढवते, पण कोणाच्या वाट्याला किती रक्त जावे हे ठरते ते धमनिकांमध्ये, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडच्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये.

धमनिकेच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात. ते सैलावले की वाहिनी रुंदावते, आणि प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलत असल्याने, दाब तोच राहिला तर त्रिज्येतील २० टक्के वाढही प्रवाह दुप्पट करण्यास पुरते. काम करणाऱ्या स्नायुतंतूंतून बाहेर पडणारे पोटॅशियम, ऊर्जा खर्च होताना तयार होणारे ॲडिनोसिन हे रसायन आणि घटलेला ऑक्सिजन हे वेढे सैल करतात.

इथे एक अडचण उभी राहते, आणि मला सर्वांत मोह पडतो तो तिच्या उत्तराचा. जवळची धमनिका रुंदावली, तरी तिला रक्त पुरवणारी मागची वाहिनी अरुंदच राहिली तर उपयोग थोडा; आणि तंतूंतील रसायने तर तिथवर पोहोचत नाहीत. मात्र वाहिनीच्या अस्तरातील पेशी एकमेकींशी सूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात. एका पेशीतून पोटॅशियमचे धनभारित आयन बाहेर गेले की तिच्या आतला विद्युतभार अधिक ऋण होतो, हा बदल पेशीमागून पेशीत, रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने, काही मिलिमीटर सरकत जातो आणि वाटेतल्या वेढ्यांपर्यंत झिरपून त्यांच्यात कॅल्शियम येण्याची दारे मिटवतो. कॅल्शियम घटले की वेढा सैलावतो. चुंबकाचे कडे घालून रक्ताभिसरण सुधारण्याचा दावा करणाऱ्यांना या यंत्रणेत कुठेही जागा नाही. हिमोग्लोबिनमधील लोह खिळ्यासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही.

मेंदू मात्र याच वेळी अनुकंपी चेतातंतूंमार्फत (ताणाच्या किंवा श्रमाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या चेतातंतूंमार्फत) वाहिन्या आवळण्याचा आदेश देत असतो. काम करणाऱ्या स्नायूच्या आतल्या लहान धमनिका तो बऱ्याच अंशी झुगारतात, तर स्नायूबाहेरच्या पुरवठा-धमन्या तुलनेने अधिक पाळतात. हा लगाम नसता, तर शरीरातील सर्व स्नायूंच्या वाहिन्या एकदम पूर्ण उघडल्यावर त्यांना पुरेल एवढे रक्त हृदयाला पुरवता आले नसते आणि रक्तदाब कोसळला असता.