बझर: चिलटाच्या कोषाचा गळ कसा घडला

इंग्लंडच्या सॉमरसेटमधल्या ब्लॅगडन तलावात १९०४ साली ट्राउटची मासेमारी सुरू झाली, तेव्हा लोक सॅल्मन पकडण्यासाठीचे मोठे, भडक पिसांचे गळ पाण्यातून ओढत. मासे लागतही. पहिल्या महायुद्धानंतर तिकडे आलेल्या डॉ. हॉवर्ड बेल यांनी मात्र पकडलेल्या ट्राउटची पोटं उघडून पाहिली. आत होते चिलटांचे कोष, म्हणजे अळी आणि चिलट यांमधली अवस्था.

ही चिलटं चावत नाहीत. त्यांची अळी तळाच्या चिखलात राहते. तिथे प्राणवायू कमी, म्हणून अनेक अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं आणि त्या लाल दिसतात. कोष संथपणे वर येतो आणि उकलण्याआधी पृष्ठभागाखाली लटकतो. हवा पडलेली असली की पाण्याचा ताण फोडायला त्याला वेळ लागतो. अशा भक्ष्यामागे ट्राउट धावत नाही.

या कोषाची नक्कल करणारा गळ म्हणजे बझर. बेल यांचा ब्लॅगडन बझर साधा होता: काळ्या लोकरीचं निमुळतं अंग, चपट्या सोनेरी जरीचे वेढे, गळाच्या नेढ्यामागे कोषाच्या श्वसनतंतूंसाठी पांढऱ्या रेशमाचा झुबका. लोकर हवा धरते, म्हणून तो आधी भिजवून पिळावा लागतो.

इंग्लंडमधलाच ग्रॅफम जलाशय १९६६ साली खुला झाला. तिथे आर्थर कोव्ह या मासेमारांनी लांब तंगूस (दोरी आणि गळ जोडणारा बारीक धागा) आणि गळ मागे घेताना जवळजवळ न जाणवणारी ओढ रूढ केली. खरा बदल हाच. बांधणी नंतर सुधारली. आजचा बझर गुळगुळीत असतो: १० ते १४ नंबरचा गळ, वाकाच्या पुढेपर्यंत काळा धागा, बारीक चंदेरी तारेचे पाच-सहा वेढे, छातीला दोन नारिंगी पट्ट्या, वर रेझिनचा एकच पातळ थर. थर जाड झाला की कोष फुगतो आणि सडपातळपणा जातो. छाती नेढ्याला भिडली की गाठ नीट बसत नाही. तिथे दीड मिलिमीटर मोकळं सोडावं.

मासेमारीची मांडणी अशी: तरंगती दोरी, पाच-सहा मीटर तंगूस, सव्वा मीटर अंतराने तीन गळ, जड गळ टोकाला. वाऱ्याला आडवं फेकून फक्त ढील गोळा करायची. दोरीला मोठा बाक आला तर गळ वर उचलले जातात आणि वेगाने सरकतात. नवख्याचे मासे इथेच सुटतात.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात कॅमलूप्सच्या तलावांवर हाच कोष तरंगीखाली, तळापासून अर्ध्या मीटरच्या आत लटकवतात. खोली मोजायला गळाला चिमटा अडकवून तळापर्यंत सोडायचा, मग तरंगी त्या हिशेबाने सरकवायची.