संग किती वेळ, हे ठरवायचं कुणी?

पावसाळा सरत आला की बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीच्या रानात, झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, मीटरभर रुंदीची सोनेरी झाकेची जाळी तिरप्या उन्हात चमकतात. मधोमध उलटी लटकलेली असते ती जायंट वुड स्पायडर या कोळ्याची मादी. नुसतं धडच तीन ते पाच सेंटिमीटर. जाळ्याच्या वरच्या अंगाला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा तांबूस जीव दिसला, तर ते तिचं पिल्लू नव्हे. तो नर. एकाच जाळ्यात असे दोन-चारही असतात.

कोळ्याचं वीर्य पोटाखालून येतं, पण ते मादीला द्यायचं साधन तोंडाशी असतं: पेडिपाल्प किंवा नुसतं पाल्प, म्हणजे आखूड पायांसारखे दोन अवयव, टोकाला बोंड असलेले. नर आधी एक चिमुकलं जाळं विणतो, त्यावर थेंब सोडतो आणि बोंडात पिचकारीसारखा ओढून घेतो. मग मादीकडे. तिचीही छिद्रं दोन, साठवणीच्या पिशव्या दोन.

ती खाण्यात गुंतलेली असताना जाणं सगळ्यात बरं. एरवी ती नराला झटकते, कधी धरतेही. म्हणून तो तिच्या पाठीवर चढून बारीक धागे अंथरतो, खाली उतरून पाल्प बसवतो, ती चाळवली की पुन्हा वर. याला ‘बांधणं’ म्हणतात खरं, पण असले धागे ती सहज तोडेल. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं, की ती शांत होते ते धाग्यांच्या वासाने थोडी आणि स्पर्शाने जास्त.

नवऱ्याला खाणारी बायको, एवढ्यावर गोष्ट संपवतात ते मला पटत नाही. भांडण खाण्याचं कमी, वेळेचं जास्त. नराला संग लांबवायचा असतो. मादीला तो तोडून दुसऱ्या नराला वाव ठेवायचा असतो.

बुंध्याला किंवा घराच्या वळचणीला जाळं करणारा नेफिलेंजिस मलबारेन्सिस या कोळ्याचा नर तर या भांडणात अवयवच सोडतो. संग तुटताना पाल्प मोडून मादीच्या छिद्रात राहतो. तिथे तो बुचासारखा बसतो, आणि मालक दूर गेला तरी वीर्य सोडत राहतो. दोन्ही पाल्प गेलेला नर पुन्हा बाप होऊ शकत नाही. मात्र वजन घटल्याने तो जास्त वेळ टिकतो, आणि दुसरा नर आला की धडाक्याने अंगावर जातो. वळचणीचं जाळं न हलवता भिंगातून पाहा: मादीजवळच्या नराच्या तोंडाशी बोंडं नसली, तर तो राखणीला बसलाय.