पेशीचक्र आणि डीएनएचे द्विगुणन

पेशीचक्र : विभाजनातून पेशी जन्मल्यापासून तिचे स्वतःचे विभाजन पूर्ण होईपर्यंतच्या घटनांचा क्रम. दृश्यकेंद्रकी पेशींत त्याच्या जी१, एस, जी२ व एम अशा चार अवस्था मानतात (एम म्हणजे प्रत्यक्ष विभाजन; जी१ व जी२ हे एसच्या आधीचे व नंतरचे मधले काळ). केंद्रकातील डीएनएचे द्विगुणन फक्त एस अवस्थेत होते. तंतुकणिकांमधील डीएनएला हे बंधन नाही. साधारण २४ तासांत दुप्पट होणाऱ्या संवर्धित मानवी पेशींत जी१ला सुमारे ११, एसला ८, जी२ला ४ व एमला १ तास लागतो. पेशीगणिक सर्वांत जास्त कमीअधिक होते ती जी१. एम अवस्थेसाठी ‘समसूत्री विभाजन’ ही नोंद पाहावी.

द्विगुणनाचा काळ : गुणसूत्रे विभाजनाच्या वेळीच ठळक दिसू लागतात, त्यामुळे डीएनएही तेव्हाच तयार होत असावे, असा समज दीर्घकाळ होता. ह्यूसन स्विफ्ट यांनी १९५०च्या सुमारास रंजित केंद्रकांतील डीएनएचे प्रकाशमापन केले; विभाजनाआधीच ते दुप्पट झालेले दिसल्याने त्या समजाला धक्का बसला. निर्णायक पुरावा अल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांनी लंडनमध्ये दिला. त्यांनी बाकल्याच्या कोवळ्या मुळांना किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ दिला, आरएनए आम्लाने काढून टाकले आणि उरलेल्या केंद्रकांचा ठसा छायाचित्रण-फिल्मवर उमटवला. फॉस्फरस दिल्यानंतर पहिले काही तास विभाजन पावणाऱ्या पेशींवर एकही ठिपका (नव्या डीएनएची खूण) नव्हता; ठिपके असलेल्या विभाजन-पेशी त्यानंतर दिसू लागल्या. याचा अर्थ डीएनएची निर्मिती विभाजनाच्या बऱ्याच आधी संपलेली असते. बहुतेक ग्रंथांत या शोधाचे वर्ष १९५३ दिलेले असते. चक्राची अवस्थावार मांडणी त्या वर्षीच्या लेखात आहे, हे खरे. तथापि मूळ निरीक्षणे १९५१च्या लेखात येत असल्याने ते वर्ष धरणे अधिक युक्त वाटते.

द्विगुणनाची रीत : वॉटसन व क्रिक यांच्या १९५३च्या डीएनएच्या दुहेरी सर्पिल प्रतिमानातून अर्धसंरक्षी द्विगुणन सुचत होते : जुन्या रेणूचा प्रत्येक धागा एकेका नव्या रेणूत जावा. एवढा लांब सर्पिल उलगडणार कसा, हा माक्स डेलब्रुक यांचा आक्षेप होता आणि त्या काळी तो गैरवाजवी नव्हता. धागे ठिकठिकाणी तुटून पुन्हा जोडले जात असावेत, असा पर्याय त्यांनी १९५४मध्ये मांडला. १९५७मध्ये हर्बर्ट टेलर व सहकाऱ्यांनी ट्रिटियमयुक्त थायमिडीन (डीएनएचा किरणोत्सर्गी केलेला घटक) वापरून बाकल्याच्याच मुळांत पाहिले, की पहिल्या विभाजनात गुणसूत्राचे दोन्ही क्रोमॅटिड (द्विगुणनानंतरचे जुळे भाग) चिन्हांकित असतात, तर पुढच्या विभाजनात दोहोंपैकी एकच; हे अर्धसंरक्षी रीतीशी जुळते. मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँक्लिन स्टाल यांचा नायट्रोजन-१५चा (जड नायट्रोजनने जुने व नवे धागे वेगळे ओळखण्याचा) प्रयोग १९५८मध्ये प्रसिद्ध झाला. टेलर यांचे काम आधीचे असले, तरी त्यांनी तपासले ते गुणसूत्र. त्यात डीएनएचे किती रेणू असतात हेच तेव्हा ठरलेले नव्हते. त्यामुळे रेणूच्या पातळीवरील पुराव्याचा मान मेसेल्सन व स्टाल यांनाच द्यावा लागतो.

डीएनए पॉलिमरेज हे विकर धागा एकाच दिशेने वाढवते. साहजिकच दुसरा धागा तुकड्यातुकड्यांनी बनतो. नागोयाच्या रेइजी व त्सुनेको ओकाझाकी यांनी १९६०च्या दशकात हे तुकडे दाखवले.

एका चक्रात एकदाच : मानवी पेशीत द्विगुणन मिनिटाला सुमारे २,००० आधारक-जोड्या या वेगाने पुढे सरकते. पहिल्या गुणसूत्रात अशा सुमारे २५ कोटी जोड्या आहेत. मध्यावरच्या एकाच उगमबिंदूपासून (द्विगुणन जिथे सुरू होते त्या जागेपासून) दोन्ही दिशांना काम चालले असते, तर त्यालाच ४३ दिवस लागले असते. प्रत्यक्षात जीनोमभर हजारो उगमबिंदू वापरले जातात, आणि त्यांपैकी एकही दुसऱ्यांदा सुरू होऊन चालत नाही. पोटु राव व रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७०मध्ये वेगवेगळ्या अवस्थांतील हेला पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा) संयोग केला. एस पेशीशी जुळताच जी१चे केंद्रक वेळेआधी द्विगुणनास लागले. जी२चे केंद्रक मात्र ढिम्म राहिले. याचे स्पष्टीकरण म्हणून जूलियन ब्लो व रॉन लास्की यांनी १९८८मध्ये ‘परवान्या’ची कल्पना मांडली : प्रत्येक चक्रात द्विगुणनाचा परवाना एकदाच मिळतो. उगमबिंदूंवर एमसीएम प्रथिने (हाच तो परवाना) चढतात ती एमच्या अखेरीपासून जी१मध्ये, म्हणजे सायक्लिन-अवलंबी कायनेजांची (चक्र पुढे नेणाऱ्या विकरांची) क्रिया मंद असताना. एस सुरू होताच ही कायनेजे (प्राणिपेशींत जेमिनिन हे प्रथिनही) पुन्हा चढण्याची वाट बंद करतात.

जी० अवस्था : विभाजन थांबवलेल्या पेशींसाठी लाज्था यांनी १९६३मध्ये जी० ही वेगळी अवस्था सुचवली. ती स्वतंत्र आहे की जी१चाच लांबलेला भाग, यावर एकमत नाही. पेशी विभाजनाकडे केव्हा वळेल, हा सगळा प्रश्न स्मिथ व मार्टिन यांनी १९७३मध्ये संभाव्यतेवर सोडला. आर्थर पार्डी यांनी १९७४मध्ये जी१मध्ये एक निर्बंधबिंदू असल्याचे मांडले : तो ओलांडलेली पेशी पोषण तोडले तरी एसमध्ये जाते. कायमच्या विभेदित चेतापेशींचा विचार करता जी० वेगळी मानणेच सोयीचे.

अपवाद : झेनोपस बेडकाच्या गर्भात सुरुवातीच्या विभाजनांत जी१ व जी२ जवळजवळ नसतात, एस व एम आलटून पालटून येतात. एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूला द्विगुणनास सुमारे ४० मिनिटे लागतात, तरी तो २० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, कारण एक फेरी संपण्याआधीच पुढची सुरू होते. ड्रोसोफिला माशीच्या लाळग्रंथींत एम वगळून एस पुन्हा पुन्हा घडते आणि सुमारे १,००० पदरांची बहुसूत्री गुणसूत्रे तयार होतात.