पीक विम्याचा फॉर्म का अडकतो : सेवा, फेऱ्या आणि २०१५ चा एक निर्णय

जुलैअखेर मुदत जवळ आली की केज, गंगाखेड, औशातल्या सेवा केंद्रांत 'सर्व्हर डाऊन' हे ठरलेलं उत्तर मिळतं. पण दरवेळी सर्व्हर बंदच असतो असं नाही. पुष्कळ वेळ फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या फेऱ्यांतच जातो; मागणी जाऊन उत्तर परत येणं म्हणजे एक फेरी.

एका मोठ्या प्रोग्रामचे तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र सेवा बनवायची पद्धत २००० नंतर रुळली. या सेवा एकमेकींशी आधी एक्सएमएल या मजकूर-साच्याच्या जड पाकिटांतून बोलत, मग रेस्ट ही हलकी पद्धत आली, २०१४ च्या सुमारास मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे अगदी छोट्या स्वतंत्र सेवा. डेटा सेंटरच्या आत एका सेवेनं दुसरीला हाक मारली तर जेमतेम मिलिसेकंद लागतो. आधार, सातबारा, बँक खातं यांची तपासणी फोनच एकेक करून मागू लागला, तर मात्र प्रत्येक फेरी टॉवरवरून जाते.

खरा वाद २०१५ च्या एचटीटीपी/२ चा, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांच्या (प्रोटोकॉलच्या) नव्या आवृत्तीचा. त्याआधी एका जोडणीवर एका वेळी एकच उत्तर यायचं, म्हणून ब्राउझर एका साइटला सहापर्यंत जोडण्या उघडत. एचटीटीपी/२ नं सगळी मागणी एकाच जोडणीवर आणली. चांगल्या फायबरवर याचा फायदा झाला. पण त्याच्या खाली डेटा पोहोचवणारा टीसीपी हा प्रोटोकॉल क्रम सोडत नाही. एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं ताटकळतं, मग त्यात फोटो असो वा फॉर्म. सहा जोडण्या असताना एक अडली तरी उरलेल्या पाच चालू राहत. हा दोष तेव्हाही माहीत होता. माझ्या मते पारडं भक्कम लाइनवाल्यांकडे झुकलं आणि पावसात रेंज येत-जात असलेल्या गावांच्या वाट्याला थांबणं आलं.

टीसीपी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणि वाटेतल्या उपकरणांत इतका मुरलेला होता की त्याला हात लावणं अवघड. म्हणून यूडीपी या साध्या, क्रम न पाळणाऱ्या प्रोटोकॉलवर क्विक हे नवं वाहतूक-तंत्र उभारलं गेलं. २०२१ मध्ये ते प्रमाणित झालं आणि जून २०२२ मध्ये त्यावर चालणारं एचटीटीपी/३ आलं. त्यात एका प्रवाहातलं (एका मागणीच्या डेटातलं) पॅकेट हरवलं तर बाकीचे प्रवाह अडत नाहीत. सुरुवातही लवकर होते. फेरीला २०० मिलिसेकंद धरले, तर टीसीपीवर टीएलएस १.२ (डेटा गुप्त ठेवणारा थर) असताना पहिली मागणी निघण्याआधीच ६०० जात. टीएलएस १.३ नं ते ४०० वर आणले, क्विकनं २०० वर.

सेवा आखणाऱ्यांचं काम मात्र प्रोटोकॉल करून देत नाही. तिन्ही तपासण्या सर्व्हरच्या बाजूला एकत्र करून फोनला एकच उत्तर देता येतं. त्याहून चांगलं म्हणजे अर्ज आधी जमा करून घ्यायचा, पोच द्यायची आणि सातबारा रांगेतून नंतर पडताळायचा. 'पोच म्हणजे मंजुरी नव्हे' हे त्या पावतीवरच ठळक छापावं लागेल, नाहीतर अर्ज नंतर फेटाळला गेल्यावर भांडण केंद्रचालकाच्या टेबलावर येईल.